मी वाचलेला कबुलीजबाब

"जोर से पढ़ो," दुभाषा म्हणाला.

मी उभा होतो. हातात बेड्या, बेड्यांतल्या हातात कागद. डोळ्यांवरची पट्टी नुकतीच काढली होती, त्यामुळे अक्षरं हलत होती. टेबलापलीकडे पांढरा पायघोळ कंदुरा घातलेला साहेब, दारात दोन शिपाई.

"कुराण पढ़ता हूँ बोला था ना? तो पढ़ो."

बोललो होतो खरा. दापोलीकडच्या आमच्या गावात सहाव्या वर्षी कुराण शिकायला मक्तबात बसलो. अलिफ, बे, ते. पण तिथल्या अक्षरांना जेर-जबर असतात, वर-खाली छोट्या खुणा. त्यांवरून उच्चार कळतो. या कागदावर एकही खूण नव्हती. आणि अर्थ तर आम्हांला कुणी शिकवलाच नव्हता.

मी वाचायला लागलो. अडखळत. एका ओळीत माझं नाव आलं. पुढे एके ठिकाणी आमच्या कामावरच्या राजय्याचं नाव आलं. दारातले शिपाई हसायला लागले. मी थांबलो की साहेब बोटाने टेबल वाजवायचा. मी पुन्हा वाचायचो. संपलं तेव्हा तो एकच शब्द बोलला. बबगा.

"साहब तुमको तोता बोल रहे हैं," दुभाष्याने मला हसत समजावून सांगितलं.

मग पेन पुढे आलं. अकरा दिवस मला धड झोपू दिलं नव्हतं. मी सही केली. आपलाच कबुलीजबाब मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यात काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं.

गुन्हा काय होता ते सांगतो. अबुधाबीत खलिफा सिटीच्या पुढे एका बांधकामावर मी सेफ्टी ऑफिसर होतो. उन्हाळ्यात भर दुपारी काम बंद ठेवायचा तिथे कायदा आहे. आमच्या मॅनेजरने बंद ठेवलं नाही. एक लोखंड बांधणारा माणूस उन्हाने भोवळ येऊन पडला आणि मेला. मॅनेजर मला म्हणाला, "नॅचरल डेथ लिही. यल्ला, लवकर." मी लिहिलं नाही. माझ्या फोनमध्ये त्या दुपारचा व्हिडिओ होता, तो इंटरनेटवर टाकला. खाली दोन ओळी लिहिल्या, की हे सरकारला दिसत नाही का. त्या दोन ओळींमुळे मी देशाचा शत्रू झालो. राजय्या तेलंगणाचा फोरमन. मेलेल्याला त्याने खांद्यावर उचलून सावलीत आणलं होतं, एवढाच त्याचा संबंध.

सहीनंतर मला वाळवंटातल्या तुरुंगात टाकलं. खोलीत आणखी एकच माणूस होता, तिथलाच, साठीचा, शाळामास्तर. लोकांना मत द्यायचा हक्क मिळावा, अशा अर्जावर त्याने सही केली होती. शिक्षा संपून तीन वर्षं झाली होती, तरी सोडत नव्हते. अजून सुधारला नाही म्हणे. तिथल्या देरा बाजारातल्या दुकानदारांकडून शिकलेलं मोडकं हिंदी तो बोलायचा. मी त्याला उस्ताद म्हणायचो.

एकदा त्याने विचारलं, "तुमने क्या साइन किया?"

"मालूम नहीं."

तो हसला नाही. तो पहिला माणूस, जो हसला नाही. म्हणाला, "जो याद है, बोलो."

राजय्याच्या नावाआधीचा शब्द मला आठवत होता. कारण तिथे मी तीनदा अडखळलो होतो. बि-अम्र.

उस्तादने तो शब्द दोनदा पुटपुटला. मग म्हणाला, "अम्र मतलब हुकूम. तुमने लिखा, राजय्या के हुकूम से किया."

मी उठून भिंतीशी गेलो. मला वाटलं होतं, साक्षीदार म्हणून नाव असेल. त्या भल्या माणसाला मी माझ्याच तोंडाने वाचून बुडवला होता.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "उस्ताद, मुझे सिखाओ."

कागद नाही, पेन्सिल नाही. तो पाण्यात बोट बुडवून फरशीवर शब्द लिहायचा. सुकायच्या आत मी वाचायचो आणि अर्थ सांगायचो. इकरार. इनकार. हक. इरादा. शाहिद. यातले अर्धे शब्द मी घरात, कोर्टकचेरीत लहानपणापासून ऐकत आलो होतो. आपलेच शब्द, आणि मला त्यांची भीती घातली होती. सात महिने आम्ही फरशी ओली केली.

मग मला पुन्हा त्या टेबलासमोर नेलं. तोच साहेब, तोच दुभाषा. नवा कागद.

"इस हफ्ते घर जाओगे. बस साइन करो. पढ़ने की ज़रूरत नहीं."

"पढूँगा," मी म्हणालो.

मनात वाचलं. सावकाश. अक्षरांवर बोट ठेवत गेलो. उस्तादचं नाव सापडलं. तो कैद्यांना सरकारविरुद्ध भडकवतो. मी त्याचा शाहिद, साक्षीदार. खाली लिहिलं होतं, पूर्णपणे माझ्या इराद्याने.

घर डोळ्यांपुढे आलं. खोटं कशाला सांगू, पेनाकडे हात गेलासुद्धा.

मग मी कागद साहेबाकडे सरकवला. दुभाष्याकडे बघितलंच नाही. म्हणालो, "ला. अना मूश शाहिद."

नाही. मी साक्षीदार नाही.

कुणी हसलं नाही.

मला एकट्याच्या कोठडीत टाकलं. ब्लँकेट काढून घेतलं आणि एसी इतका वाढवला की दात वाजायचे. एकवीस दिवस. उस्ताद मला पुन्हा दिसला नाही. काही महिन्यांनी काहीही न सांगता मला विमानात बसवलं. राजय्या तिथेच आहे. त्याला सात वर्षांची शिक्षा लागली, माझ्या सहीवर.

आता मी गावी आहे. धाकटा भाऊ अजून देरामध्ये एका ट्रेडिंग ऑफिसात आहे. फोनवर म्हणतो, "भाय, गप रहा. आमची पोटं इथे आहेत." त्याचं खोटं नाही.

तरी मी तेलंगणात राजय्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला सगळं सांगितलं. सही मी केली. व्हिडिओ माझा होता. तुझ्या नवऱ्याने काहीच केलं नाही. मला वाटलं ती मारेल, निदान रडेल. ती चुलीपुढे बसून होती. तिने एवढंच विचारलं, "ये सब लिख के देते क्या?"

मी लिहून दिलं. मराठीत, हिंदीत आणि शेवटी अरबीत, माझ्या वाकड्या अक्षरात. खाली पूर्ण नाव, गाव, तालुका. तिने ते कागद तिकडच्या कोर्टात पाठवले. त्यानंतर भावाचा फोन बंद आहे. त्याचं काम गेलं असेल, किंवा त्यालाही नेलं असेल. मला माहीत नाही.

उद्या कुणी आणखी एक प्रत मागितली, तर मी ती देणार आहे.