ळ राहू द्या

आमच्या ह्यांचा आवाज गेला तोवर माझे कानही बरेचसे गेले होते. म्हणजे जोडा शोभतो. कंपवाताने त्यांचं बोलणं इतकं बारीक झालं, की ओठ हलताना दिसायचे आणि मला नुसता पंख्याचा आवाज यायचा. मी म्हणायची, "काय?" ते पुन्हा बोलायचे. मी पुन्हा "काय?" मग ते हात झटकून "जाऊ दे" अशी खूण करायचे. लिहून द्या म्हटलं, तर अक्षर मुंगीएवढं, आणि ओळीच्या शेवटी ती मुंगीही दिसेनाशी व्हायची.

हळूहळू त्यांनी सांगायचा प्रयत्नच सोडला. आमचा संसार म्हणजे रोजची चकमक. चहा गार झाला, दूध उतू गेलं, खिडकी उघडी राहिली, कशावरून तरी टोमणा यायचाच, आणि मीही ऐकून घेणारी नव्हते. आता ते ताटात पडेल ते गुपचूप खाऊन उठत होते. भला माणूस झाले होते आणि मला ते बघवत नव्हतं.

मुलगी वाघोलीला राहते. ती टॅब घेऊन आली. "बाबा, फक्त टच करायचं. मराठी कीबोर्ड आहे, एकदम इझी." त्यांनी बोट ठेवलं. बोट थरथरतं, तेव्हा एका 'क'चे चार झाले.

"कककक," मी वाचलं. "कावळा बोलतोय की काय?"

"आई, तू गप्प बस ना!"

त्यांनी टॅब पालथा घातला. मग मुलीला जवळ ओढून तिच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबांना माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर हवाय."

तो मला ठाऊक होता. खडकीला क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हाचा. हल्लीच्यासारखा नाही. एक जाडजूड कीबोर्ड, सगळं यंत्र त्याच्याच पोटात, आणि वायर टीव्हीला लावायची. सुट्टी आली की हे त्याचं पोट उघडून बसायचे. मी त्याला सवत म्हणायची. कर्वेनगरला आलो तेव्हा भंगारात द्या म्हणून मीच मागे लागले होते.

पण त्याच्या कळा दणकट. जोर लावून दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही. बोट वरच्या वर कितीही थरथरो, त्या कळांना फरक पडत नाही. अडचण एकच, त्याला इंग्रजी येतं आणि मला येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. म्हणून ह्यांनी ठरवलं होतं, की कॉम्प्युटरला मराठी शिकवायचं आणि जे सांगायचं ते टीव्हीवर मोठ्या अक्षरात लिहायचं. हे जमलं नाही, तर ते पुढे काही बोलणार नाहीत, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

टीव्हीला लावला तर नुसते पट्टे. झाकण उघडून त्यांनी आत बोट दाखवलं. दोन कपॅसिटर, शेंगदाण्याएवढे डबे, डोकी फुगलेले. नवे त्यांच्या सामानात होते. पण ते जोडायला डाख देणार कोण? सोल्डरिंगची सळई त्यांनी उचलली, तिचं टोक हवेत नाचलं, त्यांनी ती खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी?" म्हटलं. "घर जळलं तर माझ्या नावाने ओरडायचं नाही. ओरडता येत नाहीच म्हणा."

ठरलं असं, की त्यांनी टेबलावर एकदा टकटक केलं की सळई सांध्यावरून उचलायची. पण त्यांचा हात टेबलावर तसाही टकटकत असतो. खूण कुठली आणि आजार कुठला, मला कळेना. शेवटी त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि उचलायची वेळ आली की दाबायचा, असं केलं. दोन्ही कपॅसिटर बसले. डाख जरा ओबडधोबड झाला, पण पट्टे गेले आणि टीव्हीवर इंग्रजी अक्षरं दिसली.

अक्षरं कशी दिसायची ते एका चिपमध्ये असतं. ती काढून तिच्या जागी आपली भरलेली चिप बसवायची. त्यांच्याकडे एक होती, पण आधीचं काहीतरी भरलेली. तिच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. तिच्यातून ऊन आत गेलं की आतलं सगळं पुसतं. ऊन म्हटल्यावर मला चिंता नव्हती. कुरडयांचेच दिवस होते. गच्चीवर चादरीच्या एका कोपऱ्यात चिप ठेवली.

शेजारीण म्हणाली, "काकू, हे हो काय वाळत घातलंत?"

"झुरळ," मी म्हटलं. दिसतं तसंच, काळं आणि खूप पायांचं. तिने त्या वर्षी माझ्या कुरडया घेतल्या नाहीत.

कुरडया वाळून डब्यात गेल्या तरी चिप काही वाळेना. रोज संध्याकाळी हे ती तपासायचे, मान हलवायचे, आणि सकाळी मी पुन्हा वर. अखेर एकदा त्यांनी मान होकारार्थी हलवली.

मग अक्षरं. प्रत्येकाला आठ बाय आठ चौकटी, त्यातल्या काही भरायच्या, काही मोकळ्या. ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच की. पेन्सिल मी घेतली. 'क' पहिल्या झटक्यात आला. 'ख' काढला तर ह्यांनी बाजूला मुंगीच्या अक्षरात काहीतरी लिहिलं. भिंगाने पाहिलं: "रव." खरंच, 'रव' दिसत होता. खालून जोडून घेतला.

चिपमध्ये अक्षरांना जागा मोजक्या होत्या. ह्यांनी 'ङ' खोडला, 'ञ' खोडला. मग 'ळ'वर पेन्सिल नेली.

"अहो! ळ कुठे काढताय?"

त्यांनी 'ल'कडे बोट दाखवलं. ओठ हलले. एवढं मला ओठांवरून कळतं: चालेल.

"मुळीच चालणार नाही. मग कपाळ कसं लिहिणार? कपाल? पुण्यात राहतो आपण, लोक दारात उभं करणार नाहीत. ळ राहू द्या."

त्यांनी हात पसरले. म्हणजे जागा कुठून आणू? मला आठवलं, लहानपणी काही पुस्तकांत इ, उ, ए नसायचेच. 'अ'लाच वेलांटी नि उकार द्यायचे, अि, अु, अे. तसं केलं तर तेवढी घरं वाचतात. ह्यांनी माझ्या दंडावर हात दाबला. ळ राहिला. त्याच्या दोन पोटांना आठ चौकटींत बसवताना मात्र मला तीन कागद लागले.

ह्यांनी सामानातल्या एका डबीवजा यंत्रात चिप खोचून अक्षरं तिच्यात भरली. भरून झाल्यावर ती काचेची खिडकी बंद करावी लागते, नाहीतर उजेडाने पुन्हा पुसेल. काळी चिकटपट्टी सुकून गेली होती. मी आरशावरची मोठी टिकली काढून तिथे लावली.

"घ्या," म्हटलं. "सवत सवाष्ण झाली."

त्यांचा चेहरा हल्ली हलत नाही. पण खांदे हलले. ते थरथरणं वेगळं, हे वेगळं. मला ओळखता येतं.

दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. चिप बसवली, टीव्ही लावला. ते कळा दाबत होते, एकेक, दमादमाने. मी खुर्ची ओढून समोर बसले. काय लिहितील, मी मनात बरंच काय काय धरलं होतं. इतक्या दिवसांनी बोलणार होता माणूस.

टीव्हीवर आलं:

डाळ शजिली नाही

मी दोनदा वाचलं. माझा ळ, दोन्ही पोटांसकट, पहिल्याच शब्दात.

"शजिली म्हणजे काय?" मी म्हटलं. "ऱ्हस्व वेलांटी आधी दाबायची, मग श. हाताने लिहिताना कशी 'श'च्या अलीकडे येते? तोंडाने म्हणाल तसं दाबू नका."

त्यांनी खोडलं. पुन्हा एकेक कळ.

डाळ शिजली नाही

"इतके दिवस तीच डाळ खाल्लीत ना? तेव्हा दुखत होतं का सांगायला?"

ते पुन्हा वाकले. मी वाट पाहत राहिले. एक शब्द यायला किती वेळ लागत होता, पण घाई कुणाला होती?

रोज कच्ची

"दात नाहीत तोंडात आणि डाळीला नावं!" मी उठले. उरलेली डाळ पुन्हा कुकरला लावली. बाहेर कळांचा आवाज चालूच होता, तेवढा मला ऐकू येतो. जाऊन बघते तर त्याच्या खाली आणखी एक ओळ तयार होत होती, आणि तिच्यात मिठाचं काहीतरी होतं.