कोरडा सदरा

एप्रिलचा शेवटचा रविवार. हजर: मी, हे, सासूबाई, कांदा काढणीची बायकांची टोळी आणि तिची मुकादमीण. ठिकाण: कोल्हारजवळचं आमचं रान.

रानात आम्ही बायका साडीवर पुरुषी सदरा चढवतो, म्हणजे ऊन अडतं. दुपार होईतो टोळीचे सगळे सदरे पाठीला चिकटले होते. माझा मात्र सकाळी दोरीवरून काढला तसाच.

"वयनी, कांदं उपटायला आलाय का फोटू काढायला?" मुकादमीण म्हणाली. "आमी न्हाऊन निघालो, अन् तुमची इस्त्री अजून मोडंना!"

"तिला ऊन लागतच नाही," सासूबाई बांधावरून म्हणाल्या. अगदी कौतुकानं.

हे कौतुक गेले काही उन्हाळे चाललं होतं. आधी पायांचा घाम गेला, मग पाठीचा. जेवताना तेवढ्या कपाळावरून धारा लागायच्या. घरानं सरळ अर्थ लावला: हिला ऊन बाधत नाही, तेव्हा भर दुपारची कामं हिची. पाणी धरायचं, टोळीवर लक्ष ठेवायचं, टेम्पो भरून द्यायचा. मीही मिरवत करायचे. अंग आतून तापायचं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. ते मी उपासावर आणि वयावर ढकललं होतं.

त्या दुपारी बसून पात कापत होते. पाटी उचलायला उठले आणि वाफ्यातच कोसळले. डोळे उघडले तर डोकं मुकादमिणीच्या मांडीवर. "अंग निस्ता तवा हाय! पानी वता, बघत काय बसलाय?" ती यांच्यावरच ओरडत होती.

गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. माझं समाधान झालं नाही. नगरला मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना चक्कर सांगितली, बद्धकोष्ठ सांगितलं. घामाचं सांगितलंच नाही. न येणाऱ्या घामाची तक्रार कोण करतं? त्यांनीच विचारलं. मग आडवं करून रक्तदाब घेतला, उभं करून घेतला. उभं राहिल्यावर तो धाडकन खाली आला. पुढची तपासणी गरम खोलीत. अंगभर पूड लावली, घाम लागला की जांभळी होणारी. कपाळ आणि मान जांभळी झाली. बाकी अंगावर पूड होती तशीच.

डॉक्टर म्हणाले, घाम, रक्तदाब, पोट, लघवी ही कामं आपण न सांगता ज्या नसा करतात, त्या हळूहळू निकामी होताहेत. घाम ही तुमची पहिली खूण होती. आजार इथंच रेंगाळेल की पुढे चालण्यावर, तोलावर येईल, ते आज सांगता येत नाही. बरं करणारं औषध नाही, सांभाळणारं आहे. ऊन टाळा.

परतीच्या वाटेवर हे म्हणाले, "रान वाट्यानं देऊन टाकू. शेजाऱ्याला शब्द दिलाय."

"मला न विचारता?"

"तुझ्यासाठीच दिला. परत पडलीस तर?"

"पडेन. घरात मोरीतही पडेन. मोरीपण वाट्यानं देणार का?"

यांनी गाडी थेट राहात्यापर्यंत नेली, आणि राहाता आमच्या गावाच्या पुढं आहे. वळायचं विसरले होते.

मी कामाला लागले. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या. उठायच्या आधी पायांत घट्ट मोजे. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं पाणी आणि मीठ. सासूबाईंना चढत्या रक्तदाबामुळे मीठ बंद, त्या चिडल्या. "मला अळणी आणि सुनेला खारट! एकाच घरात दोन आमट्या!" पण करून त्याच घालतात.

रानात जाताना सदरा हौदात बुचकळून घालते. माझं अंग भिजत नाही, तर मी भिजवीन. उरलेल्या कांद्यासाठी टोळीची वेळ बदलली: उजाडताना सुरू, ऊन चढायच्या आत बंद. मुकादमीण घासाघीस करायला उभीच.

"यवढ्या सकाळचं यायचं, तर च्या दोन बार."

"दिला."

"भज्याबी."

"भजी शेवटच्या दिवशी."

तिनं माझ्या निथळत्या सदऱ्याकडे पाहिलं. "आता कशी वयनी आमच्यातली दिसतीया!"

कांदा साठवणीच्या चाळीत गेला. एकदाही पडले नाही. दोनदा मात्र बसून घेतलं. पुढं तोल जाईल, काठी येईल, तर काठी घेऊन बांधावर खुर्ची टाकेन. रान माझ्या नजरेखालीच राहील.

परवा शेजारी विचारून गेले, नांगर कधी घालू? हे म्हणाले, "बघू." शेजाऱ्यांना नाही म्हणायला मीही जाऊ शकते. पण शब्द यांनी दिला आहे, तो यांनीच परत घ्यायचा. रोज चहाचा कप पुढं ठेवताना विचारते, "सांगितलंत का?"

अजून सांगितलेलं नाही.