बाथरूममध्ये घसरलेली माणसं

दादाच्या नडगीवर पहिला फटका बसला तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला सज्जन समजायची चूक करणार नाही. हॉकीचा बॉल दगडासारखा टणक असतो, आणि हाडाला लागला की नारळ पायरीवर आपटल्यासारखा आवाज येतो. दादाचा पॅड सरकला होता, त्यामुळे बॉल बरोबर हाडावर बसला. तो खाली बसला नाही. एका पायावर उभा राहिला, दोन मिनिटं तोंडाने श्वास घेतला आणि म्हणाला, "मनगट छान वळवलंस, रत्नांग्री." ते मनगट त्यानेच मला शिकवलं होतं. गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय!

मी कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करायचो. सौदीत, दम्माम आणि अल-खोबरच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात आमचा कॅम्प होता. कॅम्पच्या मागे जुन्या पार्किंगवर हिरवं कार्पेट अंथरून हॉकीचं मैदान केलं होतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात हॉकी कोणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. लहानपणापासून लाकडं फोडून माझे हात मात्र तयार झाले होते. दादाने एकदा मला स्टोअरच्या बाहेर पेट्या उचलताना पाहिलं आणि हातात स्टिक दिली. दोन वर्षांत टीमचे सगळे शॉर्ट कॉर्नर मी मारायला लागलो.

शॉर्ट कॉर्नर म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातच घडलं. एकजण गोलरेषेवरून बॉल बाहेर ढकलतो, दुसरा तो अडवतो, तिसरा पूर्ण ताकदीने गोलवर मारतो. तो तिसरा मी. बचाव करणारे गोलरेषेमागे उभे असतात, आणि बॉल सुटला की त्यांच्यातला एक सरळ मारणाऱ्याच्या अंगावर धावत येतो. त्याचं काम बॉल अडवणं. स्टिकने अडला तर ठीक, नाहीतर अंगाने. त्या जागेवर तरणाताठा, चपळ आणि थोडा वेडा माणूस लागतो. त्या हिवाळ्यात सरावाला आम्ही तिथे बेचाळीस वर्षांच्या दादाला उभं करत होतो.

सगळी टीम त्याला दादाच म्हणायची. तो पुण्याचा, खडकीचा. भारताची जर्सी घालून खेळलेला. आमचा म्हातारा कफील, म्हणजे कंपनीचा मालक, हॉकीवेडा होता. सौदी माणूस आणि हॉकीवेडा म्हटलं की लोक हसतात. पण त्याच्या साइटवर तीस वर्षं पंजाबी आणि पठाण हॉकी खेळत आले, आणि तो खुर्ची टाकून बघत आला. कंपन्यांच्या कपासाठी त्याने दादाला आणला तेव्हा दादा सदतिसाव्या वर्षात होता. आणि करार केला सहा वर्षांचा! खोबरला फ्लॅट, गाडी, मुलीची शाळा, तिघांची तिकिटं. कंपनीने मधेच काढलं तर उरलेल्या सगळ्या वर्षांचं भरून द्यायचं, असं कलम दादाने घालून घेतलं होतं. म्हाताऱ्याने हसत सही केली. पहिली दोन वर्षं कप आमच्याकडे आला. तिसऱ्या वर्षी दादाची मांडी गेली, चौथ्या वर्षी गुडघा कुरकुरायला लागला. पाचव्या वर्षी म्हातारा वारला.

मुलाला हॉकीत रस नव्हता. त्याला दादा म्हणजे बापाने मागे ठेवलेला पांढरा हत्ती वाटायचा. काढला तर कलम आडवं येणार. स्वतःहून राजीनामा दिला तर प्रश्नच मिटला. ऑक्टोबरमध्ये मुदीरने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, दादाला बोलावून राजीनामा मागितला. दादा म्हणाला, "मार्चपर्यंत थांबा. मुलगी बारावीला आहे. तिचा शेवटचा पेपर झाला की त्याच दिवशी लिहून देतो, कलमबिलम काही नको." बायको आणि मुलगी त्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर होत्या. तो गेला की त्या गेल्या, आणि बारावीचं वर्ष मधेच तुटलं. मुदीरला मार्च नको होता. नव्या मालकाला नवीन वर्षाच्या यादीत हे नावच नको होतं.

मग मुदीरने मला बोलावलं. स्वतः चहा ओतला. "वो खुद लिखेगा," तो म्हणाला, "अगर खेल नहीं पाया. समझे?" मी समजलो. माझ्या इकाम्यावर धंदा लिहिला होता आमिल, म्हणजे मजूर. मजुराला बायको आणता येत नाही. माझी बायको चार वर्षं फोनवर एकच विचारत होती, "औंदा तरी बोलवताव काय?" मुदीर म्हणाला, इकाम्यावरचा धंदा बदलणं त्याच्या हातात आहे. दादाला मार्चपर्यंत टिकायचं होतं हे मला माहीत होतं. त्यानेच गाडीत सांगितलं होतं. तरीही मी चहा संपवला आणि मान हलवली.

त्यानंतर रोज ऊन कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर सराव. रोज तीस-चाळीस शॉर्ट कॉर्नर, रोज धावणार दादा. मी आधी पायावर मारलं. मग मांडीवर. एकदा बॉल बरगडीत बसला आणि तो गुडघ्यांवर कोसळून कार्पेटला कपाळ लावून राहिला. उठला तेव्हा ओठ निळे पडले होते. त्याला कसं मारायचं हे सगळ्या टीमला हळूहळू कळलं. झटापटीत कोणी कोपर मारायचं, कोणी स्टिकचं टोक पोटरीत खुपसायचं. पेशावरचा आमचा फुलबॅक, दादाच्या मुलीच्या वाढदिवसाला जाऊन बिर्याणी खाऊन आलेला माणूस, त्यानेसुद्धा एकदा त्याचा अंगठा चिरडला. एकदा रक्त दिसलं की लाज कुठच्या कुठे जाते. आणि दादा काही संत नव्हता. खडकीतल्या शिव्या मी तेव्हाच शिकलो. तरुणपणी त्याने स्वतः एकाचा जबडा मोडला होता आणि ते तो मिटक्या मारत सांगायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला माणूस. तो रोज येऊन त्याच जागेवर उभा राहायचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कॅम्पच्या गेटवर मोठा बोर्ड होता: अपघाताविना किती दिवस झाले त्याचा आकडा. कामं देणाऱ्या बड्या कंपनीचे लोक येता-जाता तो बघायचे. आकडा शून्यावर आला तर मुदीरची नोकरी गेली असती. त्यामुळे आमच्याकडे कोणाला कधीच काही व्हायचं नाही. बोट तुटलं, डोकं फुटलं, गरम पाइपाने पाठ भाजली, तरी क्लिनिकच्या कागदावर एकच वाक्य. मुदीर स्वतः ते तोंडात भरवायचा: "बाथरूम में फिसल गया. खलास." तीनशे माणसांचा कॅम्प आणि सगळे जण बाथरूममध्ये घसरणारे. हॉकीच्या जखमाही त्याच खात्यात जायच्या. आणि करारात दादाचा हुद्दा होता सेफ्टी सुपरवायझर. रोज सकाळी तो लंगडत गेटवर यायचा आणि बोर्डवरचा आकडा एकने वाढवायचा.

डिसेंबरमध्ये मी त्याचा गुडघा फोडला. त्यावेळी बॉलचं निमित्तही नव्हतं. बॉल निघून गेला होता, शिट्टी झाली होती, तो माझ्याकडे पाठ करून चालला होता. मी दोन्ही हातांनी स्टिक फिरवली आणि गुडघ्याच्या मागे घातली. तो पडला तसा ओरडला, त्या आवाजाने मी दोन पावलं मागे सरलो. बाकीचे आपापल्या स्टिक उचलून निघाले. रविवारी तो काठी टेकत आला, बोर्डापाशी थांबला, आणि आकडा एकने वाढवला. मी स्टोअरच्या खिडकीतून बघत होतो. मला त्याची दया आली नाही, राग आला. हा माणूस मोडत का नाही, असा राग. त्याच्या हट्टामुळे माझी बायको गावात बसली आहे, असं मी स्वतःला पटवलं होतं.

जानेवारीत गुडघ्याला पट्टा बांधून तो परत मैदानावर आला. त्या दिवशी तीन शॉर्ट कॉर्नर झाल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. मैदानावर अहो-जाहो नाही, हा त्याचाच नियम. मी म्हणालो, "दादा, लिहून टाक ना. पोरगीच तर आहे, पुढच्या वर्षी देईल परीक्षा."

त्याची स्टिक खालून वर आली. मला ती दिसलीच नाही. तोंडात काहीतरी फुटलं, आणि मी आकाशाकडे बघत होतो. वरचे दोन दात गेले, ओठाची उभी चीर झाली. गरम रक्त घशात उतरत होतं. दादा स्टिक टाकून माझ्या छातीवर बसला, तेव्हा मला वाटलं आता हा मला मारूनच टाकणार. त्याने माझा जबडा उघडला आणि दोन बोटं आत घातली. दात घशात अडकलेत का ते बघत होता. एक दात त्याने बाहेर काढला, दुसरा कार्पेटवर सापडला. मग त्या मोडक्या गुडघ्यावर मला उचलून गाडीपर्यंत नेलं.  आणि सरळ क्लिनिकला आणलं.

टाके घालून होताहोता मुदीर क्लिनिकमध्ये आला. हातात कागद तयार होता, नुसती माझी सही हवी होती. कामगाराने कामगाराला मारहाण केली. त्याला कलम लागत नाही, भरपाई नाही, त्याच आठवड्यात तिघंही देशाबाहेर. "कल तुम्हारा मिहना बदल देगा," तो म्हणाला. मिहना म्हणजे इकाम्यावरचा धंदा. हे बोलताना तो माझ्या फुटलेल्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याला आनंद झाला होता. ईदीचं पाकीट मिळाल्यासारखा हसत होता.

मी सही का केली नाही हे मला आजही नीट सांगता येत नाही. मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता. तो फटका मी कमावलेला होता, हे एक. आणि माझ्या रक्ताकडे बघून हसणाऱ्या त्या माणसाचा असा संताप आला की हातात स्टिक असती तर मी त्याचेही दात पाडले असते. स्टिक नव्हती. मग त्यानेच आम्हाला शिकवलेलं होतं ते मी सुजलेल्या ओठांतून म्हणालो, "बाथरूम में फिसल गया."

तो हसला. मग हसायचा थांबला. "दस लोगों ने देखा है."

दहाही जणांना बोलावलं. पेशावरचा फुलबॅक माझ्याकडे बघत म्हणाला, "साहब, बाथरूम में बहुत फिसलन है." बाकीच्या नऊ जणांनी तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने बोर्डवरचा आकडा एकने वाढवला.

आठवडाभरात मुदीरने मला देशाच्या दुसऱ्या टोकाला, राबिघच्या साइटवर पाठवलं. इकाम्यावर मी आजही मजूर आहे. बायको अजून फोनवर तेच विचारते. मी "बघू" म्हणतो.

मार्चमध्ये, मुलीचा शेवटचा पेपर झाल्यावर, दादाने शब्द पाळला आणि राजीनामा लिहून दिला. मी दोन दिवसांची सुट्टी काढून बसने खोबरला गेलो. का गेलो, तर माफी मागायला. दुपारची वेळ होती. मुलीने दार उघडलं आणि आत ओरडली, "पापा, कोई अंकल आए हैं." खोक्यांच्या मधून दादा काठी टेकत आला. गुडघा वाकतच नव्हता. तो मला बघून म्हणाला, "आलास? जेव आधी." मी चपला काढल्या, माफी राहून गेली. वहिनींनी पानं घेतली होती.

हात धुवायला मी बाथरूममध्ये गेलो. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत रबरी मॅट होत्या. भिंतीला स्टीलचा दांडा बसवला होता, नळाजवळ एक आणि दाराजवळ एक. प्लास्टिकचं स्टूल होतं. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला होता, त्यावर मुलीच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, पापा, प्लीज हळू. मी नळ सोडून तिथेच उभा राहिलो. ऑक्टोबरपासून प्रत्येक जखमेचं त्याने घरी काय सांगितलं होतं ते मला कळलं. मुलीच्या अभ्यासात माझा एकही फटका त्याने येऊ दिला नव्हता. मी तिथे रडलो, आणि आवाज जाऊ नये म्हणून नळ आणखी मोठा केला.

बाहेर आलो तेव्हा वहिनींचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं.

"अगं बाई, दात कसे गेले हो?"

दादाचा घास हातातच थांबला.

"बाथरूममध्ये घसरलो, वहिनी."

"बघा! मी ह्यांना तेच सांगते, इथल्या फरशाच मेल्या वाईट. आमच्या ह्यांचं तर काय झालंय बघा." त्या उठून आत गेल्या आणि एक मॅट झटकून, गुंडाळून घेऊन आल्या. "आम्ही आता चाललोच. तुम्ही घेऊन जा. आणि जपा हो, तिथे तुमचं बघणारं कोणी नाही."

मी दादाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली आणि वरणभात कालवत राहिला. मी ती मॅट घेतली आणि निघेपर्यंत मांडीवर धरून बसलो.