थर्ड पार्टी

गेल्या सोमवारी सकाळी रंकाळ्याजवळ तीन हजार रुपयांची मागणी झाली. हजर तिघे: मोटारवाला, सायकलवाला आणि मी. मोटारवाल्याने मागे न बघता दार उघडले आणि सायकलवाला त्यावर आदळला. दाराला ओरखडा पडला, त्याचेच मोटारवाला तीन हजार मागत होता. रक्ताळलेल्या गुडघ्यांत चाक धरून सायकलवाला हँडल सरळ करत होता, आणि चूक ज्याची तोच ओरडत होता, "माझा थर्ड पार्टी इन्शुरन्स आहे. तुझा काय?"

"थर्ड पार्टी म्हंजे कोण वो, पावणं?" सायकलवाल्याने मला विचारले.

"तुम्हीच."

"मग मला पार्टी द्यायची सोडून पैसं मागतोय व्हय ह्यो?"

मी पोलिसांत चला म्हणालो. पण सायकलवाल्याची पुढची कागल एमआयडीसीची बस चुकली असती, तर त्याचा कामावर खाडा पडला असता. शेवटी त्यानेच पाचशे रुपये दिले आणि मोटारवाल्याने ते मोजून घेतले.