म्यानात राहिलेला क्रिस

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, नोव्हेनाच्या एमआरटी स्टेशनातून वर येत होते. हातात दादासाठी केलेल्या मऊ खिचडीचा डबा होता. "आता घाई करू नकोस," एवढंच ती म्हणाली, आणि मला कळलं. तरी मी तो डबा घट्ट धरून हॉस्पिटलपर्यंत चालत गेले, लिफ्टमध्ये शिरले आणि मजल्याचं बटण दाबायचं विसरून तशीच उभी राहिले... त्याला आता काही आठवडे झाले. सगळे म्हणतात, माधवदादावर लिही, केवढा जाणकार माणूस होता. लिहायला बसले की मला मात्र आठवते त्याची खाली घातलेली मान. ती लाज त्याची होती, माझी नव्हे. पण माणूस गेला की त्याच्या चष्म्याबरोबर आणि पुस्तकांबरोबर हेही आपल्या वाट्याला येतं.

दादा पुण्याहून इथे आला तो जहाजांचं पोलाद तपासायच्या नोकरीवर, आणि बिशानच्या फ्लॅटमध्ये जन्मभर राहिला. माझ्या बुकित तिमाहच्या काँडोत आला की पोहण्याच्या तलावाकडे बघून म्हणायचा, "पाणी कुणी वापरतं का, की नुसतं मेंटेनन्ससाठी आहे?" रविवारी तो इथल्या मराठी मुलांना जुन्या हत्यारांबद्दल सांगायचा. आपल्या उन्हात अंगभर लोखंड घातलं तर शत्रूची गरजच उरत नाही, म्हणून आपल्याकडे कापूस भरलेले जाड अंगरखेही चिलखतासारखे वापरत. दक्षिणेतलं उत्तम पोलाद जहाजांतून अरबांकडे जायचं, आणि आपल्या कितीतरी तलवारींची पाती फिरंग्यांकडून यायची. मूठ तेवढी आपली, आपल्या हाताच्या मापाची. मुलांचे चेहरे पडायचे. त्यांना सगळं आपलंच हवं असायचं. मग दादा समजावायचा, की हत्यार घडतं ते हाताशी काय सापडतं आणि लोक कशाला मानतात, या दोन्हींतून. एक सोडून दुसरं बघाल तर काहीच दिसणार नाही.

हे सांगणाराच चुकला, म्हणून तर लाज एवढी खोल गेली.

आमच्या घरी एक तलवार होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बाबा ती चिंच आणि विटेची पूड लावून घासायला बसायचे. दादा पाणी घालायचा, मी फडकं धरायचे. शेवटी बाबा पातं आमच्यासमोर धरत. "तोंड दिसतंय का? नसेल तर अजून घासा." तोंड दिसल्याशिवाय त्यावर हळदकुंकू चढायचं नाही. सिंगापुरात खंडेनवमीला आम्ही लॅपटॉप आणि गाडीची किल्ली पुजतो. दादाला त्याचं वाईट वाटायचं. लॅपटॉपला फूल वाहताना तो दरवर्षी काहीतरी पुटपुटायचाच.

दादाच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त मलय शिक्षक राहतात. सगळे त्यांना चिकगू म्हणतात, म्हणजे मास्तर. काही वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. मलय नवरदेव कमरेला क्रिस लावतो, नागमोडी पात्याचा खंजीर. चिकगूंकडे त्यांच्या वडिलांचा क्रिस होता. त्याला कुठे चीर गेली आहे का, एवढंच बघायला त्यांनी तो पिवळ्या कापडात गुंडाळून दादाकडे ठेवला. दिवस नेमके नवरात्राचे. कितीतरी वर्षांनी खंडेनवमीला घरात खरं हत्यार! दादाला काळवंडलेलं पातं दिसलं आणि काळं म्हणजे मळ, हे त्याच्या हातांनी परस्पर ठरवलं. चिंच, मीठ, वर बारीक पॉलिश पेपर. संध्याकाळी मी गेले तेव्हा देवासमोर ते पातं झगझगत होतं. दादाने ते माझ्यासमोर धरलं आणि अगदी बाबांच्या आवाजात विचारलं, "तोंड दिसतंय का?"

दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी चिकगू आले. दादाने मोठ्या हौसेने क्रिस त्यांच्या हातात दिला. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. मग इंग्रजीत, अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुमच्या वडिलांनी असं शिकवलं का?" दादा हो म्हणाला. "माझ्या वडिलांनी असं नाही शिकवलं," ते म्हणाले, आणि आभार मानून गेले.

इथल्या लोहारांनी हाताला आलं ते निरनिराळं लोखंड एकात एक घडी घालून ठोकलं. त्यामुळे पात्यात काळ्यावर रुपेरी अशी नक्षी उमटते, आणि घराचं भलं त्या नक्षीत आहे असं लोक मानतात. ती दिसावी म्हणून पातं काळं ठेवायचं असतं. दादाने चिकगूंच्या वडिलांची आठवण घासून आरसा केला होता. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. त्याची मुलगी वैतागून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट से सॉरी, लाह." सॉरी तो म्हणालाच. पण लग्नात पाहुणे क्रिस बघायला मागायचे तेव्हा चिकगू हसत म्यानावर हात ठेवायचे आणि बोलणं दुसरीकडे वळवायचे. दादा कोपऱ्यात बसून ते बघत होता. परत येताना मला म्हणाला, "त्यांनी माझी लाज म्यानात ठेवली गं."

दादाच्या प्रयोगशाळेतल्या अॅसिडने नक्षी चटकन वर आली असती. चिकगूंनी नको म्हटलं. लिंबू फक्त. हॉकर सेंटरमध्ये नूडल्सवर पिळतात ती छोटी लिंबं. मग दर शनिवारी दादा पिशवी घेऊन समोर जायचा. रस लावायचा, पुसायचा, तेल लावायचा. "आपण लिंबू लावतो ते चकाकण्यासाठी, आणि हे लावतात काळं करण्यासाठी," तो म्हणायचा, "फळ तेच." पातं हळूहळू काळवंडत गेलं, नक्षी वर आली. मुठीजवळची बोटभर जागा तेवढी राहिली. तिथे हात गेला की चिकगू म्हणायचे, हे पुढच्या वेळी. वर्षं गेली तरी पुढच्या वेळी. दादाला वाटायचं, त्यांनी अजून मनापासून माफ केलेलं नाही. मला तर चिकगूंचा रागच यायला लागला होता. हॉस्पिटलमध्येसुद्धा दादा म्हणाला, "तेवढी जागा राहिली बघ..."

परवा शनिवारी मी वहिनीकडे होते. बेल वाजली. दारात चिकगू, हातात पिवळं कापड. मी त्यांना आत बसवलं आणि दादाच्या वतीने पुन्हा माफी मागितली. म्हटलं, राहिलेलं मी पुरं करते, लिंबं आणते. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि क्रिस म्यानातून काढला. काळंभोर पातं, त्यावर पाण्याच्या वळशांसारखी रुपेरी नक्षी, आणि मुठीजवळ बोटभर चकाकी.

"हे मीच त्याला करू देत नव्हतो," ते म्हणाले. "काम संपलं असतं तर तो यायचा थांबला असता."

मला वाटलं, त्यांनी हे एकदा तरी त्याला सांगायला हवं होतं. पण आम्हीही कधी विचारलं नव्हतं. चिकगूंनी पातं माझ्यापुढे धरलं. तेवढ्या जागेत तोंड स्वच्छ दिसत होतं. मला माझ्या तोंडाकडे बघवेना.