कैनाडचा खांब

गेल्या रविवारी डहाणूत माझी चारचौघांत फजिती झाली... आणि तरी घरी येताना मी शिट्टी वाजवत आलो.

मी रिटायर्ड वायरमन. तळासरी ते डहाणू, तीसेक वर्षं खांबांवर चढण्यात गेली. शाळेत चित्रकला बरी होती, पण नोकरी लागली आणि ब्रश सुटला तो सुटलाच.

रिटायर झाल्यावर बायको म्हणाली, दिवसभर माझ्या किचनमध्ये लुडबुड करण्यापेक्षा चित्रं काढा. रंग आणले. सुरुवातीला हात ऐकेना... ब्रश पक्कडीसारखा धरायचो. मग मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो. त्यातले सर सांगायचे, निसर्गचित्रात खांब, वायरी घेऊ नका, शोभा जाते. मी पडलो आज्ञाधारक.

रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं प्रदर्शन होतं. मी कैनाडच्या एका पाड्याचं चित्र लावलं होतं. डोंगर, भाताची खाचरं, ताडाची झाडं, टोकाला एक कौलारू घर. लोक फोटो काढत होते, माझी कॉलर ताठ.

तेवढ्यात त्याच टोकाच्या घरातली लखमीबाय सुनेबरोबर आत आली. बाजाराला आल्या होत्या, मला दारात बघून शिरल्या. घर तिनं लगेच ओळखलं. चित्रभर नजर फिरवली आणि म्हणाली, "वायरमन, खांब कठं हाय?"

मी सरांचं ज्ञान पाजळलं. खांबानं चित्र खराब दिसतं वगैरे...

"खराब?" ती म्हणाली. "खांद्यावर आणला तो आम्ही, चिखलातून. तू पण होतास ना?"

होतो की. गाडी रस्त्यावरच राहिली होती आणि पाड्यातल्या माणसांनी तो खांब बांधाबांधानं उचलून नेला होता. बायकांत ही सगळ्यात पुढे. तिच्या घरात पहिला बल्ब लागला, ती वायर मीच जोडलेली.

मला खरंच लाज वाटली. जन्मभर जे उभं केलं, तेच मी माझ्या हातानं गाळलं होतं... कशासाठी, तर शोभेसाठी.

फ्रेम खाली उतरवली, काच काढली आणि काळं पेन घेतलं. मंडळाचे सेक्रेटरी "अहो, प्रदर्शन चालू आहे" म्हणत राहिले. लखमीबाय शेजारी उभी राहून सुपरवायझरसारखी सांगत होती, "थोडा अलीकडं... हां, तिथं." खांब काढला, घरापर्यंत वायर ओढली. एवढी माणसं बघत होती, पण रेघ एकदम सरळ आली.

ती सुनेला म्हणाली, "आता आपलं घर झालं."

प्रदर्शन संपल्यावर चित्र तिलाच दिलं. काल सुनेनं फोटो पाठवला... लखमीबायनं ते मीटरच्या शेजारी लावलंय. इतका मान मला नोकरीतसुद्धा कुणी दिला नव्हता.