ऐनाखालचा पाचोळा

मुळशीच्या धरणाच्या पायथ्याला एक बाग होती. फार मोठी नव्हे, पण सावळ्याच्या लेखी साऱ्या मावळात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. सावळ्या पन्नाशीचा, डोंगरातल्या वाडीवरचा. रोज पहाटे तासाभराची उतरण उतरून तो रोजंदारीवर बागेत यायचा आणि खराटा हाती धरायचा. त्या खराट्याची सर्र सर्र ऐकली की धरणावरची माणसं म्हणायची, उजाडलं.

अक्षराशी त्याची ओळख नव्हती. पण ओल्या मातीवरचं पाऊल बघून रात्री ससा गेला की साळिंदर, हे तो चालता चालता सांगे. कुणाच्या घरट्यात किती पिल्लं, कुठल्या ढोलीत कोण राहतं, सगळं त्याला घरच्या माणसांसारखं ठाऊक. विचारणारं मात्र कुणी नव्हतं. मग तो आपल्या बायकोला, पारूला सांगे. पारू भाकरी थापता थापता म्हणे, "त्यो ससा रोज तुमच्यापाशी निरोप ठिवून जातोय का काय?"

अठ्ठावन्न सालचा मे महिना होता. पुण्याहून शिबिराची मुलं बागेत यायची होती, रविवारी, चांगली बत्तीस. अशी पहिलीच वेळ. बागेचे मुकादम हैबतराव आठ दिवस आधीपासून घायकुतीला आले. हैबतराव मुळशीतल्याच जुन्या शेतकरी घरातले. त्यांच्या मिशा आणि त्यांचे हुकूम, दोन्ही पिळदार.

"सावळ्या, रविवारी बागेत एक वाळकं पान दिसता कामा नये. सगळं झाडायचं, ढीग लावायचा आन् पेटवायचा. पान दिसलं तर सोमवारी तू हितं दिसायचा न्हाईस. कळलं?"

"व्हय मुकादम."

सावळ्यानं झाडायला घेतलं. आंब्याखालचं झालं, जांभळीखालचं झालं. गुरुवारी तो कुंपणाकडच्या जुन्या ऐनाच्या झाडापाशी पोचला. तिथं पाचोळा घोट्याएवढा. सावळ्यानं आगपेटी काढली, पण काडी ओढली नाही. आधी कमरेचा कोयता काढून एक काठी तोडली.

वाडीवर तशी रीतच होती. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, म्हणजे राब पेटवायचा, तर आधी काठीनं जमीन ठोकत त्याला एक फेरी घालायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "उठा गं बायांनो, उठा रं बाबांनो, आग येतीया." साप, सरडे, सशाची पोरं, जे कुणी असेल त्यानं ऐकावं आणि वाट धरावी. सावळ्याच्या बापानं एकदा घाईत ही फेरी चुकवली होती, आणि त्या रात्री तो जेवला नव्हता. बागेतला पाचोळा काही राब नव्हे, पण आग ती आगच.

"उठा गं बायांनो..." सावळ्यानं काठी आपटली आणि पाचोळ्याचाच एक तुकडा त्याच्या पायाशी उठला! फडफडला, चार हात पुढं जाऊन पडला, मोडल्यासारखा पंख ओढत लंगडू लागला. सावळ्याला हसू आलं. "माझ्यासंगं नाटक करतीस व्हय?" रातवा होता तो, दिवसा पाचोळ्यात दडून बसणारा पक्षी, आणि त्यातही मादी. पाऊल न हलवता त्यानं डोळे जमिनीवर फिरवले. दोन अंडी. ना घरटं, ना काडी. नुसत्या मातीवर, मातीच्याच रंगाची, वर तपकिरी शिंतोडे.

त्यानं आगपेटी मुंडाशात खोचली. तेवढ्यात मागून आवाज आला, "ही पाचोळ्याची गादी कुणासाठी ठिवलीयास रं?"

हैबतराव! एका पक्ष्यासाठी मुकादमांनी हुकूम मागं घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. सावळ्याच्या तोंडून निघून गेलं, "तितं देव हाय, मुकादम."

"देव? कुटला देव?"

"रानातला. आमच्या वाडीचा. त्याचा पाचोळा हालवत न्हाईत."

हैबतरावांचा हात आपसूक टोपीकडं गेला. टोपी काढून ते दोन पावलं मागं सरले. "मग आदी न्हाई का सांगायचं? स्थान दिसत कसं न्हाई?"

"दिसंल की उद्या," सावळ्या म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवशी ते दिसलं. झाडांच्या बुंध्यांना पट्टे मारायचा गेरू बादलीत कालवलेला होताच. एक गोल दगड त्यात बुडवून सावळ्यानं अंड्यांपासून तीन हातांवर ठेवला. रातव्यासाठी खोटं बोलणं एक, आणि देवाचं नाव घेऊन खोटं बोलणं दुसरं. "माफ कर बाबा," तो पुटपुटला, "पिल्लं उडाली की दगड नदीला धुवून ठेवीन."

रविवारी नऊ वाजता पौडाकडून एसटी धुरळा उडवत आली आणि बागेत गोंधळ सांडला. बत्तीस मुलं, बत्तीस पाण्याच्या बाटल्या आणि एक बाई. फाटकाशीच पाटी होती. एका मुलानं ती मोठ्यानं वाचली, "हिरवळीवर चालू नये. फुले तोडू नयेत. झाडावर चढू नये." मग त्यानं बाईंकडं वळून विचारलं, "मग करायचं काय?"

बाईंनाही तोच प्रश्न होता. हैबतराव कुठं दिसेनात. खराटा टेकून उभ्या असलेल्या सावळ्याला त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही दाखवाल का आम्हाला बाग?"

पन्नास वर्षांत हे त्याला पहिल्यांदाच कुणी विचारलं. त्यानं खराटा बाजूला ठेवला. पायाशी करवंदीची जाळी होती, काळीभोर लगडलेली. त्यानं एक करवंद तोडलं, मुठीत झाकलं आणि म्हणाला, "कोंबडा का कोंबडी?"

"म्हणजे?" दोन वेण्यांची एक मुलगी पुढं आली. जया तिचं नाव.

"आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. बोल!"

"कोंबडा!"

सावळ्यानं करवंद दाबलं. लालभडक! मग काय विचारता. जाळीभोवती बत्तीस हात, बत्तीस तोंडं. "माझी कोंबडी!" "हरलास, हरलास!" "बाई, माझे पाच कोंबडे झाले!" ओठ काळे, बोटं चिकट, सदऱ्यांवर डाग. पाटीवर करवंदांचं काही लिहिलेलं नव्हतं.

मग सावळ्याला थांबवणं कुणाला जमणार? त्यानं मुंडासं सोडलं, एकेकाचे डोळे बांधले, गरागरा फिरवून एका झाडापाशी नेलं. "हात लाव. वास घे. कवळा घाल. आता माघारी चल. सोड डोळे, आन् हुडक तुजं झाड!" मुलं झाडाझाडाला मिठ्या मारत सुटली. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, पेरूची नितळ, आंब्याच्या बुंध्यावर मुंग्यांची रांग. "हेच माझं!" "छे, माझ्याला इथं खड्डा होता!" मग भिंतीकडेच्या मऊ धुळीत त्यानं वाटीएवढे खळगे दाखवले, गवताच्या काडीनं एकाची कड हलवली, तळातून एक इवलासा किडा उलटा चालत बाहेर आला. मुलं पोटावर पालथी पडली. बाईही पडल्या, पदर खोचून.

सावळ्याच्या अंगात वारं भरलं होतं. इतकी वर्षं पारूला एकटीला सांगितलेलं सगळं आज बत्तीस जणांना हवं होतं.

आणि त्याच वेळी वाजत गाजत यावं तसे हैबतराव आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, हातात शेंडीचा नारळ. पाहुणे आलेत तर बागेच्या देवाला मान द्यावा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"चला बाळांनो! आमच्या बागेत रानातला देव हाय, लई कडक. त्याच्यापुढं नारळ फोडू, खोबरं खाऊ!"

"खोबरं!" आणि सगळी फौज ऐनाकडं निघाली. बत्तीस जोडी पायताणं, थेट पाचोळ्याकडं.

अंड्यांचा चुरा व्हायला किती वेळ? गप्प राहावं तर दोन जीव जातील. बोलावं तर रोजगार जाईल, आणि वर देवाच्या नावाचं खोटं चारचौघांत उघडं पडेल. हैबतरावांनी दगडासमोर उभं राहून नारळ वर उचलला. सावळ्या धावला. मुलांना ओलांडून पाचोळ्याच्या कडेला दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"नका मुकादम! तितं देव न्हाई!"

हैबतरावांचा हात वरच राहिला. "काय बोलतोयास?"

"दगड मीच रंगवला. गेरूचा हाय. तितं रातवा बसलाय अंड्यांवर. तुमी पेटवायला लावला आस्ता, म्हून खोटं बोललो. काढून टाका मला कामावरनं, पर पाय टाकू नका."

हैबतरावांच्या मिशा थरथरत होत्या. तीन दिवस ते येता जाता ज्याला हात जोडत होते, तो गेरूचा दगड! "देवाचं नाव घिऊन मला फसवलंस? आन् कुटं हाय तुजा पक्षी? मला तर नुसता पाचोळा दिसतोय!"

तेव्हा सावळ्याचा आवाज एकाएकी शांत झाला, रानात होतो तसा. "पोरांनो, दहा पावलं मागं सरा आन् खाली बसा. हाताची घडी. समोर, पाचोळ्यातच हाय. जागचं उठायचं न्हाई. नुसतं बघायचं. बघू कुणाला दिसतोय."

बत्तीस मुलं मागं सरून टपाटप बसली, हैबतरावही मागं सरले. बागेत असा सन्नाटा कधी झाला नव्हता. उडून तर गेली नसेल? एवढ्या गोंगाटानं कुणीही गेलं असतं. गेली असेल, तर मुकादमांच्या लेखी तो दोनदा खोटा.

"ते?" "ते लाकूड आहे रे." "श्श!"

मग जयानं श्वास ओढला. "लाकूड नाहीये. त्याला डोळा आहे."

"कुठं? कुठं?" "त्या वाकड्या फांदीच्या डावीकडे, दोन पानांमध्ये. मिटलाय. नाही, उघडला!" एकेकाला दिसू लागलं. ज्याला दिसलं तो दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरी. बाईंना दिसलं. आणि मातकट छातीखालून काहीतरी हललं, कापसाच्या बोळ्याएवढं, रंगानं मातीचं. इवलीशी चोच बाहेर आली आणि परत आत गेली.

"पिल्लू!" जया कुजबुजली. "मामा, अंडं फुटलंय!"

सावळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यालाही ते आत्ताच कळत होतं.

"कुटं रं?" हैबतराव अजून उभेच होते. "मला का दिसत न्हाई?"

जयानं त्यांचं धोतर ओढलं. "आजोबा, खाली बसा ना. उभ्यानं नाही दिसत." आणि साऱ्या बागेला धाकात ठेवणारे हैबतराव, नवी टोपी, धुतलं धोतर, धुळीत गुडघे टेकून बसले. जयानं त्यांची मान दोन्ही हातांनी धरून नेमकी वळवली. बराच वेळ गेला. मग त्यांच्या मिशा हळूहळू वर गेल्या.

"आयला," ते इतकंच म्हणाले.

नारळ फुटला तो लांब, फाटकापाशी. खोबरं सगळ्यांना मिळालं. सावळ्याच्या हातावर तुकडा ठेवताना मात्र हैबतराव काही बोलले नाहीत, आणि तो अबोला सावळ्यानं डोंगर चढून घरापर्यंत नेला. एसटीच्या खिडक्यांतून बत्तीस काळे ओठ ओरडले होते, "सावळ्यामामा, कोंबडा का कोंबडी?" तेवढं एक त्यानं पारूला हसत सांगितलं. बाकीचं चुलीकडं बघत सांगितलं.

"उद्या जाऊ का नको?" त्यानं विचारलं.

"जावा," पारू म्हणाली. "हाकलायचं तर तोंडावर हाकलू द्या."

सोमवारी तो नेहमीपेक्षा लवकर उतरला. बाग निजलेली होती. खराटा घ्यायला वळला, तर ऐनापाशी कुणीतरी दिसलं. पाचोळ्यापासून बरोबर दहा पावलांवर, टोपी मांडीवर ठेवून हैबतराव बसले होते. कधीपासून, देव जाणे. गेरूचा दगड होता तिथंच होता.

सावळ्याची चाहूल लागली तसं त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हातानंच त्याला जवळ बोलावलं.

"सावळ्या," ते अगदी हळू म्हणाले, "काल दिसला हुता रं. आज पुन्हा हरवला. कुटं हाय, दाव की."

सावळ्या त्यांच्या शेजारी मातीत बसला आणि बोट पुढं केलं.